घरचे बिनतारी केंद्र : पेठेतले आणि गुंठ्यातले

२७ मेगाहर्ट्झच्या आसपास रेडिओलहरींचा एक अरुंद पट्टा भारतात विनापरवाना बोलण्यासाठी खुला आहे. त्याला सिटिझन बँड किंवा नुसते सीबी म्हणतात. २००५ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या जागेत पाच वॅटपर्यंतचा संच कोणालाही वापरता येतो. अट अशी की त्याने दुसऱ्याच्या कामात व्यत्यय आणू नये, आणि स्वतःला व्यत्यय आला तर गाऱ्हाणे मांडू नये. अटीचा पहिला भाग बहुतेकांना ठाऊक असतो. दुसरा भाग संच घरी आणून चालू केल्यावरच कळतो.

अमेरिकेत १९५८ पासून हा पट्टा नागरिकांना मोकळा आहे. पुढे ट्रकचालकांनी तो आपलासा केला आणि १९७७ पासून तिथे चाळीस चॅनेल झाले, २६.९६५ पासून २७.४०५ मेगाहर्ट्झपर्यंत. तिकडून नातेवाइकाच्या बॅगेतून आलेल्या संचावर हे चाळीसही आकडे दिसतात, पण भारताची हद्द २७.२८३ वर संपते. सत्ताविसावा चॅनेल २७.२७५ वर आहे, तो हद्दीत बसतो, अठ्ठाविसावा २७.२८५ वर आहे, तो बाहेर पडतो. म्हणजे बटण पुढे फिरत असले तरी कायद्याने सत्तावीसवर थांबायचे. शिवाय संचाला दूरसंचार खात्याची उपकरण-मान्यता लागते, ती वेगळीच. ऑनलाइन दुकानांतून मिळणाऱ्या वॉकीटॉकींचेही असेच आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी शक्तीचे हातसंच विनापरवाना चालतात, बाकीचे नाहीत. पण विकणारे हा फरक सांगत नव्हते, म्हणून मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीमंचांना नोटिसा काढल्या.

२६.९५७ आणि २७.२८३ हे आकडे इतके विचित्र का, याचे उत्तर मिरजेत सापडते. या दोन आकड्यांच्या बरोबर मधोमध २७.१२ मेगाहर्ट्झ येतो. ही वारंवारता जगभर उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी राखलेली आहे; तिच्या दोन्ही बाजूंना १६३ किलोहर्ट्झ एवढी मोकळी जागा सोडलेली असते, आणि तीच भारतातली सीबीची जागा. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गुडघ्याला, कंबरेला शेक देणारे शॉर्टवेव्ह डायथर्मीचे यंत्र याच २७.१२ वर चालते. प्लास्टिकच्या कापडाला जोड मारणारी वेल्डिंगची यंत्रेही इथेच असतात. मिरज हे दवाखान्यांचे गाव, डॉ. वानलेस यांनी १८९४ साली तिथे मिशन हॉस्पिटलचा पाया घातला तेव्हापासून. अशा गावात सीबीचा संच लावला की तेराव्या आणि चौदाव्या चॅनेलच्या मध्ये अधूनमधून जी गुरगुर उठते, ती बहुधा कोणाच्या तरी गुडघेदुखीची असते. तिच्याविरुद्ध तक्रार चालत नाही. भाडेकरूने घरमालकाच्या पिठाच्या गिरणीबद्दल कुरकुर करण्यासारखे ते होईल. मुलांच्या रिमोटच्या मोटारगाड्याही याच पट्ट्यात धावतात.

घरी केंद्र थाटायचे म्हणजे मुळात कुठपर्यंत बोलायचे, हे आधी ठरवावे लागते. उदाहरणार्थ, सातारा आणि सांगली यांच्यात सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर अंतर आहे. पाच वॅटचा सीबी संच जमिनीलगतच्या लहरींनी काही किलोमीटर जातो. गच्चीवरून थोडा अधिक. सूर्यावरचे डाग वाढलेले असतील तर याच लहरी आयनांबरावर आपटून हजारो किलोमीटरवर उतरतात, पण मधला टापू ओलांडून. सांगलीचा आवाज एखाद्या दुपारी दूरदेशी ऐकू जाईल, साताऱ्यात मात्र नाही. दोन जिल्ह्यांना एकमेकांशी बोलायचे असेल तर हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, ७ मेगाहर्ट्झचा पट्टा लागतो. तिथे तार जमिनीपासून पाच ते दहा मीटर एवढीच उंच बांधली की लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि दिवसा आयनांबरावरून परतून दोन-तीनशे किलोमीटरच्या परिघात पावसासारख्या पडतात. साताऱ्याच्या दक्षिणेला अजिंक्यताऱ्याचा किल्ला आडवा उभा आहे. हॅमच्याच १४४ मेगाहर्ट्झच्या हातसंचाला तो भिंतीसारखा अडवतो. वरून येणाऱ्या लहरींना त्याचे काही वाटत नाही.

हॅम होण्यासाठी परीक्षा आणि परवाना लागतो. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही परीक्षेला बसता येते. परवान्याचे दोन वर्ग आहेत, मर्यादित आणि सर्वसाधारण. मोर्सची चाचणी फक्त सर्वसाधारण वर्गाला आहे. मर्यादित वर्गाची हाकखूण व्हीयू-३ ने सुरू होते, सर्वसाधारणची व्हीयू-२ ने. सीबीची सूट कमी शक्तीच्या छोट्या साधनांसाठी आहे. ज्याला छपरावर नीट अँटेना उभारून रोज बोलायचे आहे त्याने सवलतीच्या कडेकडेने चालण्यापेक्षा हा परवाना काढलेला बरा. शेजाऱ्याशी वाद झालाच तर कागद हाताशी असतो, हा त्याचा दुसरा उपयोग.

अँटेनेचा प्रश्न जागेशी बांधलेला आहे. ७.१ मेगाहर्ट्झच्या अर्धलहर डायपोलला वीस मीटर तार लागते. सांगलीत गुंठेवारीच्या वसाहती अनेक; एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, आणि त्याचा कर्ण सत्तेचाळीस फुटांच्या आत, म्हणजे सव्वाचौदा मीटर. वीस मीटरची तार एका गुंठ्यात सरळ बसत नाही. मग मधल्या बांबूवर तारेचा मध्य चढवून दोन्ही बाजू उलट्या व्हीसारख्या खाली आणायच्या आणि उरलेली टोके कंपाउंडच्या कडेने वळवायची. १४ मेगाहर्ट्झची दहा मीटरची तार मात्र गुंठ्यात आरामात मावते, आणि सीबीची साडेपाच मीटरची तर गॅलरीतही. साताऱ्याच्या जुन्या पेठांत, चिमणपुऱ्यात किंवा यादोगोपाळ पेठेत, अडचण उलटी असते. वाडा लांबीला पुरेसा असतो, पण दोन्ही भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. तार आपल्याच हद्दीत राहिली तरी तिचे टोक शेजारच्या माजघरातल्या विजेच्या वायरिंगपासून हातभर अंतरावर येते. खरी मोकळीक मळ्यातल्या वस्तीला. तिथे शेजारी लांब असतो आणि नारळाची दोन झाडे आयती मिळतात. तासगाव-मिरज भागात मात्र द्राक्षबागेच्या मांडवाच्या तारांपासून अँटेना दूर ठेवावी. एवढे लोखंड जवळ असले की तिचे माप बिघडते.

डायपोलच्या दोन्ही बाजू सारख्या असतात आणि संचाकडून येणारी कोअ‍ॅक्स केबल मात्र एकांगी. दोन्हींच्या मध्ये बॅलन घातला नाही तर केबलच्या बाहेरच्या जाळीवरून लहरी उलट घरात येतात. मग अँटेना गच्चीवर असूनही प्रत्यक्षात सगळे घरच अँटेना होते, आणि घराला लागून असलेले शेजारघरही. शेजाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी या एका वगळलेल्या बॅलनपाशी येऊन थांबतील असे म्हणणे धाडसाचे नाही. बॅलन घरी करता येतो : योग्य जातीच्या फेराइटच्या कड्यावर केबलचे आठ-दहा वेढे.

व्यत्ययाचे मूळ बहुतेक वेळा दोन ठिकाणी असते. एक, संच जी वारंवारता सोडायला हवी तिच्यासोबत तिच्या पटींतल्या वारंवारताही सोडतो. दोन, संच शुद्ध आहे, पण शेजाऱ्याच्या उपकरणाला जवळचा जोरदार लहरींचा मारा सोसत नाही. पहिला दोष केंद्रचालकाचा, दुसरा उपकरणाचा. नैतिक जबाबदारी मात्र दोन्हींत केंद्रचालकाचीच मानावी, कारण हौस त्याची आहे.

पटींचा हिशेब सोपा आहे. २७ ची दुप्पट ५४. दूरदर्शनच्या जुन्या मांडणीत तिसरा चॅनेल ५४ ते ६१ मेगाहर्ट्झमध्ये होता, म्हणून छपरावरच्या काठीअँटेनांच्या काळात सीबी आणि टीव्ही यांचे वैर जगभर गाजले. आता ते प्रक्षेपण जवळजवळ इतिहासजमा झाले आहे. २७ ची चौपट १०८ च्या काठावर येते, आणि सीबीचे खालचे चॅनेल चौपटीने एफएमच्या पट्ट्यात शिरतात. शेजारी १०७ च्या पुढचे एखादे केंद्र ऐकत असेल तर ते दबते. हॅमचे जुने पट्टे, ७, १४, २१, २८, एकमेकांच्या पटींत ठेवले आहेत, त्यामागे हेच शहाणपण होते : घाण सांडलीच तर आपल्याच अंगणात सांडावी. उपाय म्हणून संच आणि अँटेना यांच्यामध्ये ३० मेगाहर्ट्झच्या वरचे अडवणारा लो-पास फिल्टर बसवतात.

दुसऱ्या प्रकाराचा त्रास हल्ली जास्त. सीसीटीव्हीच्या लांबलचक वायरी, संगणकाचे स्पीकर, इंटरकॉम, स्पर्शाने पेटणारे दिवे, इन्व्हर्टर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, यांतली प्रत्येक वायर ही एक नको असलेली अँटेना आहे. घराघरांवरून ओढलेली केबल टीव्हीची तार त्यांत सर्वांत लबाड. केबलवाले १४४ मेगाहर्ट्झच्या आसपासही चॅनेल सोडतात. बाहेर हा हॅमचा पट्टा असतो, पण तारेच्या जाळीत दोघांची गाठ पडत नाही. एखादा कनेक्टर सैल झाला, जाळी गंजली, की हॅमचा आवाज आत आणि केबलचा चॅनेल बाहेर. अशा वेळी दोष ना संचाचा ना टीव्हीचा, कनेक्टरचा असतो.

शेजाऱ्याला नेमके काय ऐकू येते यावरूनही निदान होते. बोलण्याची पद्धत एएम असेल तर स्पीकरमधून स्पष्ट शब्द येतात. एसएसबी असेल तर चोंदलेल्या नाकाने कोणी बडबडावे तसे. मोर्सचा टकटकाट. एफएममध्ये मात्र लहरीची शक्ती बोलताना कमीजास्त होत नाही, त्यामुळे स्पीकर बहुधा एकदा खट्ट करतो आणि गप्प बसतो. दाट वस्तीत जवळच्या गप्पांसाठी एफएम वापरणे हा सर्वांत स्वस्त शेजारधर्म आहे. त्यानंतरचा स्वस्त उपाय शक्ती कमी करण्याचा. हॅमचे बाजारी संच साधारण शंभर वॅटचे. शंभरावरून पाचावर आले तर पलीकडच्याच्या मीटरवर काटा जेमतेम दोन घरे उतरतो. सातारा-सांगलीच्या गप्पांना वीस-पंचवीस वॅट पुष्कळ झाले.

तपासणीचा क्रम आपल्या घरापासून सुरू करावा. आधी आपला टीव्ही, आपले स्पीकर, आपला राउटर. स्वतःच्या घरात त्रास होत असताना शेजाऱ्याला तुमचे यंत्र बिघडले आहे असे सांगणे शोभत नाही. घर स्वच्छ झाले की शेजाऱ्याला वेळ ठरवून सांगावे : अमुक वाजता पाच मिनिटे बोलतो, मग पाच मिनिटे थांबतो, टीव्हीकडे लक्ष ठेवा. त्याने लिहिलेल्या वेळा आणि आपल्या लॉगबुकातल्या वेळा जुळल्या तर कारण सापडले. न जुळल्या तर त्रास दुसऱ्या कशाचा आहे. लॉगबुक ठेवणे हॅमला नियमाने बंधनकारकच आहे, आणि तक्रारीच्या वेळी तेच साक्षीदार असते. अँटेना उभी राहिली रे राहिली की संच अजून खोक्यातच असताना तक्रारी येऊ लागतात, हा अनुभव जगभरच्या हॅमांचा. म्हणून अँटेना लावल्यावर पहिले काही दिवस फक्त ऐकावे.

कारण सापडल्यावर उपाय बहुतेक वेळा फेराइटचा. बिघडणाऱ्या उपकरणाच्या वायरी, विजेची, स्पीकरची, केबलची, उपकरणाच्या अगदी जवळ कड्यातून वेढे देऊन न्यायच्या. वेढ्यांचा परिणाम वर्गाने वाढतो : एका वेढ्याच्या तुलनेत तीन वेढ्यांनी नऊपट. क्लिपसारखा दाबून बसवायचा एकच मणी लावून काही झाले नाही म्हणणाऱ्यांनी हे गणित लक्षात घ्यावे. फेराइटचा खर्च केंद्रचालकाने करावा. शेजाऱ्याचा टीव्ही मात्र स्वतः उघडू नये. पुढे महिनाभराने तो दुसऱ्याच कारणाने बंद पडला तरी आळ येतो.

अर्थिंगविषयी गैरसमज फार. अर्थिंग दोन प्रकारचे : विजेच्या धक्क्यापासून वाचवणारे आणि रेडिओलहरींना जमीन देणारे. सांगलीची काळी माती ओल धरते, तिथे तांब्याचा रॉड ठोकला की चांगली जमीन मिळते. साताऱ्यात डोंगरउताराला दोन हातांवर मुरूम आणि खाली काळा पाषाण. तिथे खड्डा खणून कोळसा-मीठ भरून पाणी घालत राहावे लागते, आणि उन्हाळ्यात तेही कोरडे पडते. तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडलेली दहा मीटरची अर्थवायर विजेसाठी ठीक, पण ७ मेगाहर्ट्झला ती जवळजवळ पावलहर भरते आणि जमिनीशी जोडलेली असूनही वरच्या टोकाला तुटल्यासारखी वागते. वरच्या मजल्यावरच्यांनी म्हणून रेडिओच्या जमिनीच्या मागे न लागता समतोल डायपोल आणि बॅलन यांवर भिस्त ठेवावी.

त्रासाची दुसरी दिशाही आहे, आणि शहरात तीच मोठी. स्वस्त एलईडी दिवे, चार्जर, छपरावरच्या सौर इन्व्हर्टरचे काही नमुने ७ मेगाहर्ट्झवर दिवसभर करवतीसारखा आवाज करतात. मळ्यात शेजारी नसला तरी सौर पंपाचा कंट्रोलर असतोच. सांगली आकाशवाणीचे केंद्र १९६३ चे. १२५१ किलोहर्ट्झ हा आकडा जुन्या श्रोत्यांना पाठ. त्यांना हा अनुभव सांगायला नको, घरात नवा दिवा आला की मध्यम लहरींवर खरखर वाढते. स्रोत शोधायला बॅटरीवरचा साधा ट्रान्झिस्टर पुरतो. तो हातात धरून मेन स्विच बंद करावा; खरखर थांबली तर चोर घरातलाच, मग एकेक सर्किट चालू करत जावे. पावसाळ्याच्या सुरुवातीला धुळकट इन्सुलेटरवर ठिणग्या उडून येणारी चरचर महावितरणच्या खांबाची असते. खांबाचा क्रमांक टिपून लेखी कळवावे. आपण खांबाला हात लावू नये, काठीने ठोकूनही पाहू नये. शेजाऱ्याचा दिवा दोषी असेल तर त्याला चांगला दिवा भेट द्यावा. वाद घालण्यापेक्षा स्वस्त पडते.

लहरींखेरीज साधा आवाजही आहे. दूरदेशीच्या गाठीभेटी रात्री उशिरा आणि पहाटे होतात, आणि कमकुवत संदेशाला उत्तर देताना माणूस नकळत ओरडतो. निवासी भागात रात्री दहा ते सहा या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. कानाला हेडफोन आणि तोंडाजवळ माइक, एवढे पुरते. सदनिकेत राहणाऱ्याने गच्ची सर्वांची आहे हे विसरू नये. तार बांधण्याआधी सोसायटीकडे लेखी अर्ज करावा, त्यासोबत परवान्याची प्रत आणि तार कुठून कुठे जाणार याचा आराखडा जोडावा. सभेत किरणोत्साराचा प्रश्न हमखास येतो. मोबाइल मनोऱ्यांची भीती लोकांच्या मनात आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यात शहाणपण नाही. २०१२ पासून भारतात मनोऱ्यांच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एकदशांश आहे. हॅमच्या लहरी अणू फोडणाऱ्या जातीच्या नाहीत, आणि त्या बोलण्यापुरत्याच निघतात. खरा धोका तारेच्या टोकाला चालू संचात हात लागण्याचा आहे, तिथे भाजते. म्हणून टोके हाताच्या उंचीवर येऊ देऊ नयेत.

बाहेरच्या कामात दोन गोष्टींना तडजोड नाही. लोखंडी पाइप उभारायचा तर तो आडवा पडला तरी विजेच्या तारेपर्यंत पोचणार नाही एवढे अंतर हवे. गुंठेवारीत ११ हजार व्होल्टची लाइन घराच्या कठड्याशेजारून जाते तिथे पाइप उभारूच नये. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दिसू लागले की केबल संचापासून सोडवून घराबाहेर ठेवावी. साताऱ्यात तिसरी गोष्ट वानरे. त्यांना छपरावरची आडवी तार झोक्यासाठी बांधली आहे असे वाटते. तार मऊ तांब्याची न घेता पोलादी गाभ्याची घेतलेली बरी, आणि तिचे एक टोक कप्पीवरून वजनाला बांधावे म्हणजे झोका घेतला तरी तुटत नाही.

घरचे केंद्र शेजाऱ्यांच्या उपयोगी पडण्याची वेळही इथे येते. पुरात वीज जाते, मनोऱ्यांच्या बॅटऱ्या उतरतात आणि मोबाइल निकामी होतो. १९९३ च्या किल्लारी भूकंपात आणि २००१ च्या भूजच्या भूकंपात हॅमांनी निरोप पोचवले. कृष्णाकाठी अशा वेळी सातारा-सांगली ही ७ मेगाहर्ट्झची दिवसाची वाट महावितरणवर अवलंबून नसते. बारा व्होल्टची बॅटरी आणि तार एवढ्यावर ती चालते. त्यासाठी महिन्यातून एकदा मेन बंद करून बॅटरीवर बोलून पाहावे. सांगलीत मात्र ही बॅटरी तळमजल्यावर ठेवू नये. आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते.